थ्रिलिंगचा एक मार्क

केवळाबाई आमच्या दारात आल्या तेव्हा मी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलो होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण आमचे शेजारी धम्मानंद नरवाडे यांनी पुढे कॉलनीभर असं पसरवलं, की मुखेडकर सर त्या वेळी लाल पेन घेऊन वर्तमानपत्रातल्या चुका काढत होते. ते मी सकाळी करतो. केवळाबाई दुपारी आल्या.

“मुखेडकर मास्तर तुम्हीच का?” त्यांनी फाटकातून विचारलं.

मास्तर! नांदेडच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं मी, निवृत्त झालो तो पर्यवेक्षक म्हणून. कॉलनीतला इस्त्रीवालासुद्धा मला सर म्हणतो आणि मग शर्ट जाळतो. पण बाई साठीच्या पुढच्या होत्या, उन्हातून आल्या होत्या. मी ‘मास्तर’ गिळला आणि “मीच,” म्हणालो.

“मी केवळाबाई. हदगावकडून आले. गावच्या शाळंत पोरांची खिचडी शिजवते.” त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक उत्तरपत्रिका काढली आणि शेंगांच्या सुपावर ठेवली. “हे तांबडं तुम्हीच लिवलं का, तेवढं सांगा.”

अक्षर माझंच होतं, खाली परीक्षक म्हणून नावही माझंच. लातूरचं शब्दसंवर्धिनी मंडळ दरवर्षी नववी-दहावीच्या मुलांसाठी इंग्रजी शब्दांची स्पर्धा घेतं. पेपर मी काढतो, नमुना उत्तरं मी लिहितो आणि तपासतोही मीच. मंडळाला माणसं मिळत नाहीत आणि मला काम मिळत नाही, असा हा दोन्हीकडून सोयीचा मामला आहे. निकाल लागला की उत्तरपत्रिका मुलांना परत देतात. ही पद्धत बंद करावी असं माझं आता मत झालं आहे.

प्रश्न सातवा असा होता: ‘थ्रिलिंग’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ व उगम लिहा. दोन मार्क.

याचं माझं नमुना उत्तर ठरलेलं. अर्थ: थरारक, अंगावर रोमांच उभे करणारं. उगम: आपल्या मराठी ‘थरार’वरून. साहेब लोक इकडे आले, त्यांनी आपला थरार पाहिला आणि जाताना शब्द बरोबर घेऊन गेले. हे मी कुठे वाचलं होतं ते आठवत नाही. वाचलं होतं की मलाच सुचलं होतं, हेही आता नक्की सांगता येत नाही. पण दरसाल वर्गात हे सांगताना मी टेबलावर अशी थाप मारायचो, की खडू खाली पडायचा. आपल्याकडे तर निजाम होता, साहेब थरार पाहायला आला कधी, अशी शंका एका पोराने एकदा काढली होती. त्याला मी बाहेर उभं केलं. शंका काढायलाही काही वेळकाळ असतो.

केवळाबाईंनी आणलेल्या उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं: ‘थ्रिलिंग म्हणजे थरारक. थ्रिल या शब्दाचा जुना अर्थ भोक पाडणे, आरपार जाणे. नाकपुडीला इंग्रजीत नॉस्ट्रिल म्हणतात, त्याच्या शेवटी हाच शब्द आहे. नॉस्ट्रिल म्हणजे नाकाचे भोक. जे मनातून आरपार जाते ते थ्रिलिंग.’

अर्थाला मी एक मार्क दिला होता. उगमाला शून्य. आणि बाजूला समासात लाल शाईने शेरा मारला होता: ‘हा इंग्रजीचा पेपर आहे, नाक टोचण्याचे दुकान नव्हे!’ उद्गारचिन्ह दोनदा गिरवलं होतं. खोटं कशाला बोलू, तो शेरा लिहिल्यावर मी स्वतःवर खूष झालो होतो आणि सौदामिनीला, म्हणजे आमच्या मंडळींना, मोठ्याने वाचूनही दाखवला होता. ती हसली नव्हती. पण ती माझ्या बऱ्याच विनोदांना हसत नाही, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

“नात हाय माझी. देविका,” केवळाबाई म्हणाल्या. “मला वाचता येत न्हाई, तिनंच वाचून दावलं. चार दिस झाले, लेकरू धड जेवून न्हाई राहिलं. वर्गात पोरं तिला बघून नाकाला हात लावून राहिली. मार्काचं म्हणत न्हाई मी. चूक असंल तर चूक म्हणा. मी तिला सांगीन, बाई, तुझं चुकलं, जेव आता. पर बरोबर असंल तर?”

“बरोबर नाही,” मी म्हणालो.

“बघून सांगून राहिले का न बघता?”

या प्रश्नाला पर्यवेक्षकाकडे उत्तर असायला हवं. माझ्याकडे शेंगा होत्या. मी एक सोलली.

तेवढ्यात सौदामिनी पाणी घेऊन बाहेर आली. तिने केवळाबाईंना आत बसवलं, चहा दिला, नातीचं नाव, वय, शाळा सगळं विचारून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “अहो, एकदा बघायला काय जातंय?”

केवळाबाई परतीच्या बससाठी उठल्या तेव्हा मी “बघतो,” म्हणालो होतो. सरकारी कचेरीत जसं म्हणतात, तसं.

पण आमची भिंत कमरेएवढीच आहे, आणि भिंतीपलीकडे धम्मानंद नरवाडे राहतात. हे रेल्वेच्या विभागीय कार्यालयातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले. ज्या गोष्टीला जावक क्रमांक नाही ती गोष्ट घडलेलीच नाही, असं ते मानतात. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझा थरार आणि मुलीचं उत्तर तर मी शेरा मोठ्याने वाचला तेव्हाच. बाई कोपऱ्यावरून वळतात न वळतात तोच त्यांनी मोबाईल काढला, दोन बोटांनी काहीतरी टिपलं आणि भिंतीवरून म्हणाले, “सर, पोरगी बरोबर हाय.”

“मोबाईलवर काय वाटेल ते लिहिलेलं असतं.”

“तुमचा थरार बी शोधून राहिलो. मोबाईलवर वाटेल ते सापडतं, पर हे न्हाई सापडलं.”

मी म्हणालो, प्रमाण म्हणजे ग्रंथ. आणि ग्रंथ मी उद्या पाहणार आहे. नरवाडे म्हणाले, मी बी येतो, साक्षीदार लागंल.

दुसऱ्या दिवशी आम्ही ऑटो करून एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेलो. तिथे शब्दांचे उगम देणारा मोठा इंग्रजी कोश आहे, हे मला ठाऊक होतं. ग्रंथपाल बाईंनी आधी माझं ओळखपत्र पाहिलं, मग नरवाड्यांचं, मग विचारलं, कोणता खंड. मी म्हणालो, टी. त्यांनी कोपऱ्यातल्या कूलरकडे पाहिलं.

“टीचा खंड वापरात आहे,” त्या म्हणाल्या.

“कोण वाचतंय?”

“वाचत कोणी नाही. कूलरखाली आहे.”

खरंच होता. कूलरचा एक पाय मोडला होता आणि त्या जागी इंग्रजी भाषेतले टीपासूनचे सगळे शब्द उभे होते. खंड काढायचा तर कूलर उचलावा लागणार, कूलर उचलायचा तर त्यातलं पाणी काढावं लागणार, आणि पाणी काढायला शिपाई लागणार, जो परीक्षेच्या कामावर गेला होता. शेवटी मी आणि नरवाडे यांनी दोन बादल्या पाणी उपसलं. तिसऱ्या बादलीला कूलर माझ्या बाजूला कलला आणि माझी विजार गुडघ्यापर्यंत भिजली. वाचत बसलेली पाच-सहा मुलं उकाड्याने बाहेर निघून गेली. टीच्या जागी आम्ही एमचा खंड सरकवला. ग्रंथपाल बाईंनी तशी नोंद केली.

मग मी ओल्या विजारीने टेबलाशी बसलो आणि पानं उलटली. पान चिकटलं होतं, सावकाश सोडवलं. थ्रिल. मूळ जुना इंग्रजी शब्द, अर्थ भोक. त्यावरून भोक पाडणे, भेदणे, आरपार जाणे. नंतर भावनेने मन भेदणे. आणि खाली बारीक टाइपात: नॉस्ट्रिल पाहा.

मी ती ओळ तीनदा वाचली. माझा हात आपोआप नाकाकडे गेला. वर्षानुवर्षं चष्मा त्यावर ठेवून मी लोकांच्या चुका काढल्या, आणि ज्या शब्दाचा उगम मी सातासमुद्रापलीकडून इकडे मराठीत ओढून आणला होता, तो तिथेच, चष्म्याच्या खाली दोन बोटांवर होता.

“थरार दिसला का?” नरवाड्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. रेल्वेत एखाद्याची बदली आली की ठेवतात तसा.

घरी आल्यावर मी सौदामिनीला सांगितलं. मला वाटलं, ती काहीतरी बोलेल. ती फक्त म्हणाली, “मग आता त्या मुलीला एक मार्क द्या की.” एवढंच काम होतं. चुकलेला एक मार्क द्यायचा. पाच मिनिटांचं.

मी लातूरला मंडळाचे सचिव गुरुपादप्पा यांना फोन लावला. हे मूळचे निलंग्याकडचे, स्वभावाने लोण्यासारखे मऊ. फक्त नियमावली हातात असली की घट्ट होतात.

“एका मुलीचा एक मार्क वाढवायचा आहे, गुरुपादप्पा.”

“निकाल लागला की सर. आता कसं वाढवायचं?”

“चूक माझी आहे. मी कबूल करतो.”

“अय्यो, तुम्ही कबूल करून काय होतंय? नियमात विद्यार्थ्यानं तक्रार करायची असती, ते बी निकालापासून सात दिवसांत, ते कधीच उलटले. परीक्षकानं कबूल करायचं कलमच न्हाई. आजवर कुणी केलंच न्हाई न.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “आणि सर, ती पोरगी चौथी हाय. एक मार्क दिला तर तिसरीच्या बरोबरीला येती. तिसऱ्या नंबरची ट्रॉफी एकच केलीय. ती देऊन झाली. सोडून द्या. कुणाला कळणार हाय?”

सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींचंही हेच म्हणणं पडलं. एक म्हणाले, चूक मान्य केली तर जुने सगळे निकाल उकरतील. दुसरे म्हणाले, मुलीला एखादी छान वही द्या. तिसरे म्हणाले, नाक आणि मन शेवटी एकच. त्यांचं काय म्हणणं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

पण भिंतीपलीकडे नरवाडे पेटले होते. नियमावली मागवून घेऊन त्यांनी ती पेन्सिलने खुणा करत वाचली, आणि संध्याकाळी विजयी मुद्रेने आले. “सर, कलम नऊ. ‘कोणतीही संबंधित व्यक्ती परीक्षकाविरुद्ध तक्रार करू शकेल.’ सात दिवस फक्त विद्यार्थ्याला. संबंधित व्यक्तीला मुदतच न्हाई. आता सांगा, तुम्ही संबंधित हाव का न्हाई?”

“आहे की.”

“मग करा तक्रार. स्वतःविरुद्ध.”

अर्ज त्यांनीच लिहिला. तक्रारदाराचे नाव: वसंतराव मुखेडकर. कोणाविरुद्ध तक्रार: वसंतराव मुखेडकर. तक्रारदाराशी नाते: या रकान्यात काय लिहावं यावर अर्धा तास चर्चा झाली. ‘परिचित’ लिहिलं. तक्रारीच्या मजकुरात ‘सदर परीक्षकाने उर्मटपणे’ असे शब्द होते. मी म्हणालो, उर्मटपणे काढा. नरवाडे म्हणाले, तक्रारीत जोर लागतो. सौदामिनीने चहा ठेवता ठेवता तो कागद वाचला आणि म्हणाली, “राहू द्या. बरोबर आहे शब्द.” मी सही केली. आयुष्यात प्रथमच माझ्याविरुद्ध कोणी लेखी तक्रार केली होती, आणि ती करणारा मला चांगलं ओळखत होता.

दहाव्या दिवशी पोस्टमनने हाक मारली. रजिस्टरची तीन पाकिटं होती, तिन्ही लातूरहून, तिन्ही माझ्या नावाची. तीन सह्या घेतल्यावर तो म्हणाला, “सर, काही गडबड झाली का?”

पहिलं पत्र तक्रारदारास होतं: आपली तक्रार मिळाली, सुनावणीस हजर राहावे. दुसरं ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यास: आपण उर्मटपणे शेरा मारल्याचे समजते, तरी लेखी खुलासा घेऊन यावे. तिसरं मात्र फार आदराने लिहिलेलं होतं. ‘माननीय इंग्रजी तज्ज्ञ श्री. मुखेडकर सर यांस. एका परीक्षकाविरुद्ध आलेल्या तक्रारीत आपला बहुमोल अभिप्राय हवा आहे.’ मंडळाच्या यादीत इंग्रजीचा तज्ज्ञ एकच होता.

तिघांनाही एकाच दिवशी, सकाळी अकरा वाजता बोलावलं होतं.

मी पुन्हा फोन केला. “गुरुपादप्पा, हे तिन्ही मीच आहे.”

“माहीत हाय की सर,” ते काकुळतीला येऊन म्हणाले. “पण फाइलीला माहीत न्हाई.”

ठरल्या दिवशी मी आणि नरवाडे पहाटेच्या एसटीने लातूरला निघालो. तज्ज्ञाचा कोट मी घडी करून पिशवीत ठेवला होता. अहमदपूरच्या स्थानकावर नरवाड्यांनी घेतलेली मिरचीची भजी त्या पिशवीतच ठेवली, त्यामुळे लातुरात उतरेपर्यंत तज्ज्ञाच्या खिशावर तळहाताएवढा तेलाचा डाग पडला होता.

मंडळाचं कार्यालय म्हणजे एका मंगल कार्यालयामागची खोली. आदल्या दिवशी तिथे लग्न झालेलं, त्यामुळे दारात अक्षता होत्या आणि हवेत अजून बुंदीचा वास होता. खोलीत लोखंडी खुर्च्या दोनच निघाल्या. तिसरी म्हणून नवरदेवाची लाल मखमली खुर्ची आणली होती, सोनेरी हातांची, पाठीला मोर काढलेला. गुरुपादप्पांनी प्रत्येक खुर्चीवर कागदाची चिठ्ठी लावली होती. मखमलीवर ‘ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते’ असं होतं.

भिंतीशी केवळाबाई बसल्या होत्या आणि त्यांच्याशेजारी दोन वेण्या घातलेली एक किडकिडीत मुलगी. त्यांनाही मंडळाने पत्र पाठवून बोलावलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. जमिनीवरच्या अक्षता एकेक करून पायाच्या अंगठ्याने बाजूला सारत होती.

“तक्रारदार?” गुरुपादप्पांनी वहीत बघत विचारलं. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं.

मी पहिल्या खुर्चीत बसलो. “हजर.”

“म्हणणं मांडा.”

“परीक्षकाने बरोबर उत्तराला शून्य दिलं. आणि नको तो शेरा मारला.”

“बरं. ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते?”

मी उठून मखमलीत बसलो. आणि इथे काहीतरी विचित्र झालं. ती खुर्ची फार मऊ होती, पाठ आपोआप ताठ झाली, हात सोनेरी दांड्यांवर गेले. मी घसा साफ केला. “मला एवढंच सांगायचंय, की स्पर्धेच्या नियमाप्रमाणे नमुना उत्तर हेच प्रमाण. नमुन्याबाहेरचं उत्तर मान्य करायचं म्हटलं, तर उद्या कोणीही काहीही लिहील आणि परीक्षेला अर्थ उरणार नाही. दुसरं असं, की शेऱ्यामागचा हेतू मार्गदर्शनाचा असतो. माझ्या चौतीस वर्षांच्या सेवेत एकदाही…”

मी बोलत गेलो. शब्द आपले येत होते. मुद्द्याला मुद्दा जोडला जात होता. मला स्वतःलाच पटू लागलं. गुरुपादप्पांच्या चेहऱ्यावर उजेड पडत चालला होता.

“बरोबर हाय की हे,” ते सुटकेचा श्वास टाकून म्हणाले. “मग तक्रार फेटाळतो.”

“सर,” मागून नरवाडे ओरडले, “तुम्ही जिंकून राहिले!”

मी थांबलो. त्या मुलीचा अंगठा अक्षतांवर थांबला होता. केवळाबाई मात्र माझ्याकडे सरळ बघत होत्या, रागाने नव्हे, उतू जाणाऱ्या पातेल्याकडे बघावं तशा.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “त्या खुर्चीवरून उठा बरं.”

मी उठलो. तज्ज्ञाच्या खुर्चीत बसायलाही मग गेलो नाही. दोन खुर्च्यांच्या मध्ये उभा राहूनच म्हणालो, “मुलीचं उत्तर बरोबर आहे. मी कोश पाहिला. नमुना उत्तर चुकीचं होतं. मी ते कुठेही न बघता लिहिलं होतं, आणि गेली कित्येक वर्षं न बघता शिकवलंही.”

एवढं बोलायला अर्धं मिनिट लागलं. आधीच्या भाषणाला दहा लागली होती.

गुरुपादप्पांनी उसासा टाकला आणि वहीत लिहिलं. “एक मार्क वाढवला. तिसरा क्रमांक विभागून. दुसरी ट्रॉफी करायला टाकतो. देविका, समाधान झालं का, बाळ?”

मुलगी उभी राहिली. “मार्क दिला ते चांगलं झालं, सर. पण ते वाक्य तसंच आहे.”

“कोणतं?”

ती ते उच्चारायला तयार नव्हती. तिने उत्तरपत्रिका पुढे केली. गुरुपादप्पांनी समास वाचला, नियमावली चाळली, पुन्हा चाळली. “मार्क बदलायचं कलम हाय. शेरा खोडायचं न्हाई. शेरा कायम राहतो.”

आता मात्र मला नियमावलीचा आणि स्वतःचा एकदमच राग आला. मी खिशातून पेन काढलं आणि तो शेरा आडवा खोडला. उद्गारचिन्हासकट. नरवाडे मागून हळूच म्हणाले, “खोडलं तिथं सही करा. तारीख टाका.” मी सही केली, तारीख टाकली, आणि खाली लिहिलं: ‘उत्तर बरोबर. परीक्षक चुकला.’ अक्षर वाकडं आलं, कारण हात थरथरत होता. ते थरथरणं आपलं, अस्सल मराठी.

देविकाने ते आजीला वाचून दाखवलं. केवळाबाईंनी ते दोनदा वाचायला लावलं. मग “आता कसं!” म्हणून त्यांनी पिशवीतून डबा काढला. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती. सुनावणीच्या वहीवर चटणी सांडू नये म्हणून गुरुपादप्पांनी ती बंद केली, आणि आम्ही पाचही जण नवरदेवाच्या खुर्चीवर डबा ठेवून जेवलो. देविकाने तीन धपाटे खाल्ले. मी मोजले. केवळाबाईही मोजत होत्या.

“एवढं तुला कुठे मिळालं वाचायला?” मी विचारलं.

“शाळेत कुणीतरी जुना शब्दकोश दिलाय, सर. त्याला वाळवी लागली होती. ‘एस’पर्यंतची पानं गेली. म्हणून मी ‘टी’पासून पाठ करते.” मग जरा लाजून ती म्हणाली, “त्याच्या आधीचं मला काही येत नाही.”

नांदेडला परतल्यावर एक काम उरलं होतं, आणि ते मला कोणी सांगितलेलं नव्हतं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा मोबाईलवर एक गट आहे. त्यात दोनशेच्या वर लोक आहेत, डॉक्टर आहेत, विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवणारे आहेत, एक जण तहसीलदार आहे. त्या गटावर मी लिहिलं: ‘थ्रिल हा शब्द थरारवरून आलेला नाही. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. त्याचा मूळ अर्थ भोक पाडणे. क्षमस्व.’ नरवाड्यांच्या आग्रहाने वर ‘विषय: दुरुस्तीबाबत’ असंही घातलं.

मग रविकिरण नावाच्या एका विद्यार्थ्याचा संदेश आला. हा आता लातुरात वकील आहे. ‘सर, आम्ही नववीतच डिक्शनरीत पाहिलं होतं. पण ते सांगताना टेबलावर थाप मारून तुम्ही इतके खूष व्हायचा, की वर्गात ठरलं, सरांना कोणी सांगायचं नाही.’

त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ‘आमच्याही बॅचला माहीत होतं.’ ‘आमच्याही.’ १९९८ची बॅच, २००७ची बॅच. एकाने लिहिलं, ‘आम्ही पैज लावायचो, खडू पडतो की नाही.’

मी दोन दिवस गट उघडला नाही. जेवताना सौदामिनी म्हणाली, “एवढं लागलं का?”

“सगळ्यांना माहीत होतं. एकानेही सांगितलं नाही.”

“मग वाईट काय त्यात? इतकी वर्षं पोरं तुम्हाला एक मार्क वाढवून देत होती.” तिने माझ्या ताटात भाजी वाढली. “तुम्ही तेवढा एकदा कापलात.”

पुढच्या आठवड्यात लातूरहून एसटी पार्सलने ट्रॉफी आली. माझ्या हस्ते द्यावी अशी मंडळाची विनंती होती. रविवारी केवळाबाई आणि देविका आल्या. नरवाडे भिंत ओलांडून आले, इस्त्रीचा शर्ट घालून. मी सगळ्यांसमोर खोकं उघडलं, पितळी पट्टीवर कोरलेलं वाचलं, आणि माझा पारा चढला. कोरणाऱ्याने देविकाचं नाव मराठीत अगदी बरोबर घातलं होतं. पण खाली इंग्रजीत ‘थर्ड’ लिहिताना त्या गृहस्थाने ‘आर’ आधी घेतला होता. ‘थ्रिड प्राइझ’! शब्दांच्या स्पर्धेच्या ट्रॉफीवर!

मी तिथूनच गुरुपादप्पांना फोन लावला.

“बदलून देऊ की सर,” ते दमल्या आवाजात म्हणाले. “फक्त तक्रारीचा अर्ज करा.”

“देविका, हे परत पाठवतो,” मी म्हणालो. “असल्या माणसांना…”

“राहू द्या, सर.” ती पितळी पट्टीवरून बोट फिरवत होती. “जुन्या इंग्रजीत तिसऱ्याला असंच म्हणायचे. ‘र’ आधी होता, मग मागे सरकला. ‘थ्रिल’चं उलटं झालं. तिथे ‘र’ मागे होता, तो पुढे आला. ‘टी’मध्येच आहेत दोन्ही.”

‘काहीतरीच काय,’ हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. पुरे तयार, टेबलावरच्या थापेसकट. नरवाडे माझ्याकडे बघत होते. सौदामिनी दारात हाताची घडी घालून उभी होती.

“नाव बरोबर हाय न लेकरा?” केवळाबाईंनी विचारलं.

“हाव आज्जे.”

“मग घे की.”

ग्रंथालय रविवारी बंद असतं. तपासून बघायची सोय नव्हती. मी खोकं बाजूला ठेवलं, ट्रॉफी दोन्ही हातांनी उचलली आणि देविकाला म्हणालो, “आधी मला नीट समजावून सांग. तो ‘र’ मागे का सरकला?”

ती सांगू लागली. मी खुर्ची पुढे ओढून ऐकत बसलो.